एक पावसाळा, एक ऊस-हंगाम: टूरिंग सायकलचा वापरानंतरचा अनुभव

लांब पल्ल्याच्या टूरसाठी जमवलेला सगळा सेट पावसाळ्यापासून ऊस-हंगाम संपेपर्यंत कोल्हापूरच्या आसपास, सामान लादून चालवून झाल्यावर हे लिहितोय. निकाल आधीच सांगतो. फ्रेम, गियर, टायर यांनी काही त्रास दिला नाही. दिला तो जोडण्यांनी: कॅरियरचे बोल्ट, बॅगेचे हूक, मागच्या चाकाचे स्पोक, ट्यूबचा व्हॉल्व्ह. सायकल घेताना फ्रेमवर तासभर चर्चा होते आणि या गोष्टी पाच मिनिटांत उरकल्या जातात. इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

सेट असा. क्रोमोली स्टीलची फ्रेम, ७०० सी चाकं, दोन्हीकडे ३६ स्पोक, ३८ मिलिमीटरचे टायर. गियर ३×९: पुढे ४८-३६-२६ दात, मागे ११ ते ३४. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. मागे २५ किलोची मर्यादा छापलेलं ॲल्युमिनियमचं कॅरियर, त्यावर तोंड गुंडाळून बंद करायच्या २०-२० लिटरच्या दोन पीव्हीसी बॅगा, हँडलला एक छोटी बॅग. सायकल १५ किलो, सामान आणि पाणी मिळून १५, चालवणारा ६५. एकूण ९५ किलो. पुढचे आकडे या वजनाचे आहेत; तुमचं वजन जास्त असेल तर हवा, स्पोक आणि ब्रेक या तिन्हींकडे अजून कडक नजर ठेवा.

आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोल्हापूर घाटमाथ्याच्या बाजूला आहे, त्यामुळे कोकणाकडे निघालं की घाट आधी उतरायला मिळतो. गगनबावड्यापर्यंतचे साधारण ५५ किलोमीटर कळे, असळज करत आरामात जातात आणि पुढे करूळ किंवा भुईबावडा घाटात सायकल आपोआप पळते. खाली पोचलं की सगळं जमलं असं वाटतं. पण उतारावर परीक्षा झालेली असते ती फक्त जोडण्यांची, गियरची आणि गुडघ्यांची परीक्षा परतीला. आंबा, फोंडा, आंबोली, सगळीकडे हाच हिशोब. म्हणून खाली उतरून गाडीत सायकल टाकून परत येणं ही चाचणी धरू नका. अर्धीच झाली ती.

आता कॅरियर. या वर्गातली बहुतेक कॅरियर एम५ बोल्टांवर बसतात: दोन खाली ड्रॉपआउटपाशी (मागच्या चाकाचा आस बसतो तिथे), दोन वर सीटस्टेला (सीटखालून त्या आसाकडे जाणाऱ्या नळीला). सगळं वजन खालच्या दोन बोल्टांवर येतं. हा बोल्ट वजन स्वतः पेलत नाही. तो कॅरियरचा पाय फ्रेमवर दाबून धरतो आणि त्या दाबातून येणारं घर्षण वजन पेलतं. बोल्ट पाव आटा जरी सैल झाला तरी पाय हलायला लागतो आणि प्रत्येक खड्ड्याला बोल्ट आडवा वाकतो. काही दिवस असं चाललं की आट्याच्या खाचेत चीर पडते आणि डोकं तुटून पडतं, उरलेला तुकडा फ्रेमच्या भोकात अडकतो. तो काढायला ड्रिल लागतं, आणि वैभववाडीच्या अलीकडे ड्रिल शोधत फिरण्यात काही मजा नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. बोल्ट गरजेपेक्षा ५-६ मिलिमीटर लांब घ्या, म्हणजे टोक फ्रेमच्या आतल्या बाजूने बाहेर येईल, आणि त्या टोकावर नायलॉनचा नट चढवा. डोकं तुटलंच तरी मागचं टोक पकडीत धरून फिरवून तुकडा काढता येतो. उजव्या बाजूला मात्र जपून: टोक जास्त बाहेर आलं तर सगळ्यात लहान गियरवर चेन त्याला घासते. चेन ११ दातांच्या गियरवर टाकून चाक हाताने उलट-सुलट फिरवून बघा. जागा नसेल तर त्या बाजूला नट न लावता निळं थ्रेड लॉकर (आट्यांना लावायचा गोंद) वापरा. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. आवळताना ५ ते ६ न्यूटन मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर ॲलन कीचा आखूड बाजूचा हात बोटांनी ओढून बसेल तितकंच. लांब दांड्याने जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे आटे जातात.

बोल्ट कुठले? दुकानात बहुधा काळे उच्च ताकदीचे ॲलन बोल्ट पुढे करतात. ताकद चांगली, पण एका पावसाळ्यात गंजतात आणि गंजलेल्या ॲलनच्या खाचेत की फिरते. स्टेनलेसचे किंवा जस्त चढवलेले ८.८ ग्रेडचे घ्या. उद्यमनगरात हवी ती लांबी सुटी मिळते, डझनभर घेऊन ठेवा. नवीन बसवलेलं कॅरियर पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचं, मग रोज सकाळी निघताना हात लावून बघायचं. बोल्टाच्या डोक्यापासून फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढली की सैल झालेला बोल्ट लांबूनच दिसतो, रेघ तुटलेली असते.

ॲल्युमिनियमचं कॅरियर वाईट नाही, पण मोडलं तर खेड्यातल्या वेल्डरकडे ते जुळत नाही. त्याला टिग वेल्डिंग लागतं. कोल्हापुरात ही सोय आहे, दोडामार्गाकडच्या एखाद्या गावात ग्रिल-गेट करणाऱ्याकडे नसणार. स्टीलच्या नळीचं कॅरियर तीन-चारशे ग्रॅम जड भरतं, पण गेटवाल्याच्या साध्या वेल्डिंगने टाका मारून पुढे जाता येतं. आठवड्याभराच्या टूरला ॲल्युमिनियम चालेल. महिन्याच्या टूरला स्टीलच घ्या.

बॅगांबद्दल. पाणी आत आलं नाही, हे पहिलं. गगनबावड्याचा पाऊस माहीत असणाऱ्याला हे प्रमाणपत्र पुरेसं आहे. तोंड मात्र तीन घड्या घालून बंद करायला हवं. कोंबून भरलेल्या बॅगेला दोनच घड्या बसतात आणि तिथूनच पाणी शिरतं. उलटा तोटा असा की आतली ओलही बाहेर जात नाही. ओला टॉवेल रात्रभर आत राहिला की दुसऱ्या दिवशी वास आणि चार दिवसांत बुरशी. ओलं सामान बाहेरच्या जाळीतच ठेवा आणि घरी आल्यावर बॅगा उलट्या करून सावलीत वाळवा.

खरी अडचण हुकांची. वरचे हूक कॅरियरच्या नळीपेक्षा रुंद असतात. सोबत प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या येतात, ८, १० मिलिमीटर वगैरे मापाच्या. त्या हुकात बसवायच्या असतात. बरेच जण त्या पाकिटातच ठेवतात. मग बॅग प्रत्येक खड्ड्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटर उडते, खडखड आवाज येतो, आणि महिनाभरात नळीवर चकचकीत खाच दिसायला लागते. पट्ट्या बसवाच, आणि जिथे हूक बसतो तिथे नळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. खालचा हूक कॅरियरच्या पायामागे नीट अडकला नाही तर वळणावर बॅग झुलते. बॅग शक्य तितकी मागे न ढकलता, टाच लागणार नाही इतपत पुढे घ्या. वजन मागच्या आसाच्या मागे गेलं की हँडल हलकं होतं आणि उतारावर चाळिशीच्या वेगात ते थरथरायला लागतं. थरथर सुरू झालीच तर हँडल घट्ट आवळू नका. गुडघे फ्रेमच्या वरच्या नळीला टेकवून हळूहळू वेग कमी करा.

पीव्हीसी फाटलं तर पंक्चरचं सोल्यूशन त्यावर टिकत नाही. पीव्हीसीचा वेगळा गोंद मिळतो, त्याची छोटी ट्यूब आणि जुन्या फ्लेक्सचा हातभर तुकडा जवळ ठेवा.

मागचं चाक. सामान मागे असलं की एकूण वजनाचा दोनतृतीयांश भाग मागच्या चाकावर येतो. त्यात मागच्या चाकाची ठेवण एकतर्फी: उजवीकडे गियरना जागा द्यायची म्हणून उजवे स्पोक जास्त ताणलेले आणि उभे, डावे सैल. लोकांना वाटतं स्पोक जास्त ताणल्याने तुटतो. बहुतेक वेळा तो ताण कमी असल्याने तुटतो. सैल स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ढिला पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि हबपाशी जिथे तो वाकलेला असतो तिथे थकून तुटतो. म्हणून तुटका स्पोक बदलून भागत नाही. एक तुटला की त्याच्या आजूबाजूचेही त्याच वाटेवर असतात.

फॅक्टरीतून आलेलं मशीनने बांधलेलं चाक टूरला तसंच घेऊन जाऊ नका. चांगल्या मिस्त्रीकडून आउट काढून (चाक सरळ करून) घेताना तीन गोष्टी सांगा. एक, एका बाजूचे सगळे स्पोक सारख्या ताणाचे हवेत. मीटर नसेल तर नखाने टिचकी मारून आवाज ऐका, उजव्या बाजूचे सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत. दोन, आउट काढून झाल्यावर समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत घेऊन जोरात दाबायचे, चाकभर. कट-कट आवाज येतो, पिळलेले स्पोक सुटतात, वाकण हबला नीट टेकते. मग पुन्हा आउट बघायचा. ही पायरी सर्रास गाळली जाते. तीन, निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचे छोटे नट) पितळी हवेत. ॲल्युमिनियमचे दोन पावसाळ्यांत रिमला धरून बसतात. एवढं करून ३००-४०० किलोमीटर चालवल्यावर एकदा परत दाखवलं की मग चाक विसरून जाता येतं.

सुटे स्पोक किती? उजव्या-डाव्या बाजूंची लांबी वेगळी असते, एखाद-दोन मिलिमीटरचा फरक. दोन्ही लांबी वहीत लिहा आणि प्रत्येकी तीन स्पोक चेनस्टेला (चेनशेजारच्या फ्रेमच्या नळीला) चिकटपट्टीने बांधा. उजव्या बाजूचा स्पोक बदलायला कॅसेट (मागच्या गियरचा संच) काढावी लागते, त्याचा खास पाना लागतो, आणि गावातल्या सायकल दुकानात तो नसतो. तिथे फ्रीव्हीलचा खटका असतो, तो कॅसेटला चालत नाही. पाना छोटासा असतो, सोबत घ्याच. शिवाय केव्हलारच्या दोऱ्याचा एक आपत्कालीन स्पोक, जो कॅसेट न काढता ओवता येतो. डिस्क ब्रेकचा इथे मोठा फायदा दिसतो: एक स्पोक तुटून रिम वाकडी चालायला लागली तरी ब्रेक घासत नाही, पुढच्या गावापर्यंत रेटता येतं.

गियरचं गणित एकदा कागदावर करा, म्हणजे रोड बाइकचे गियर टूरला पुरतात का हा दुकानातला वाद मिटेल. ३८ मिलिमीटरच्या टायरचा घेर साधारण २.१९ मीटर. रोड बाइकसारखं पुढे ३४ आणि मागे ३४ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्याला २.१९ मीटर, मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी सुमारे ७.९ किलोमीटर. पुढे २६ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ६. सात टक्के चढावर ९५ किलो वजन ७.९ च्या वेगाने न्यायला साधारण १६० वॅट लागतात, ६ च्या वेगाने १२०. सवयीच्या सायकलस्वाराला १२० वॅट तासभर निघतात. १६० वॅट रोज, आठ-दहा दिवस, सामानासकट काढायचे म्हणजे गुडघे बोलायला लागतात. ६० पेक्षा कमी फेऱ्यांनी रेटलं तर वॅट घटतात, पण प्रत्येक ढकलीला गुडघ्यावरचा दाब वाढतो. रोड बाइकचे गियर टूरला पुरतात असं म्हणणाऱ्याला बॅगा लावून एकदा करूळ खालून वर चढायला सांगा. विषय तिथेच मिटतो.

टायर. ३८ मिलिमीटर, पंक्चररोधक थराचे, पुढे ४५ ते ५० पीएसआय, मागे ६०. देशावर बाभळीचे काटे, कोकणात जांभ्याचे कोरदार खडे, आणि हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या बारीक तारा. यातली तार सगळ्यात त्रासदायक, कारण पंक्चर काढल्यावरही ती टायरमध्येच राहते आणि नवी ट्यूब पुन्हा टोचते. टायरच्या आतून बोट फिरवण्यापेक्षा कापसाचा बोळा फिरवा, तारेला कापूस अडकतो. मागचा टायर पुढच्याच्या जवळपास दुप्पट झिजतो. बदलायची वेळ आली की पुढचा मागे टाका आणि नवा पुढे बसवा. पुढचा टायर फुटणं जास्त धोक्याचं.

व्हॉल्व्हबद्दल आमचं मत पक्कं झालंय: टूरच्या चाकाला मोटारसायकलसारखा श्रेडर व्हॉल्व्हच हवा. पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॉप्टर लागतो आणि तो नेमका हरवतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. श्रेडरसाठी रिमला ८.५ मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून आपल्याकडच्या साध्या सायकलच्या ट्यूबचा जाड व्हॉल्व्हही जातो. प्रेस्टाच्या साडेसहाच्या भोकातून जात नाही. म्हणजे अडल्यावर कुठल्याही गावात मिळणारी २८ × १½ ची ट्यूब ७०० × ३८ च्या टायरात घालून चालवता येते. टायरचं तसं नाही: त्या साध्या सायकलच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, आपल्या रिमचं ६२२, टायर सैल बसतो आणि निसटतो. २९ इंची एमटीबीचा टायर ६२२ चाच असतो, पण फ्रेम आणि मडगार्डमध्ये त्या रुंदीला जागा हवी. तेवढ्यासाठी फोल्डिंगचा एक सुटा टायर लांबच्या टूरला घेतलेला बरा.

चेन पावसाने खाल्ली, अपेक्षेप्रमाणेच. मोजायला वेगळं साधन नको, स्टीलची फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, ३०४.८ मिलिमीटर भरतात. दीड मिलिमीटर वाढ दिसली की चेन बदला; तीन मिलिमीटरपर्यंत वाट पाहिली तर नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारते आणि दोन्ही घ्याव्या लागतात. कोरड्यात तीन हजार किलोमीटर जाणारी चेन पावसात आणि लाल चिखलात त्याच्या निम्म्यावर येते. पावसाळ्यात दर शंभरेक किलोमीटरला पुसून तेल, एका रोलरला एक थेंब, दहा मिनिटांनी जास्तीचं कोरड्या फडक्याने पुसायचं. ग्रीस किंवा गाडीचं गियर ऑइल लावू नका, त्यात वाळू चिकटून कानस तयार होते. ऊस-हंगामात कारखान्याच्या रस्त्यांवर पाल्याची लांब पाती मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागात) गुंडाळली जातात. आवाज बदलला की लगेच पायडल थांबवा, पुढे रेटलं तर हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) वाकतो. फ्रेमच्या मापाचा सुटा हँगर सोबत असू द्या, तो दुसऱ्या फ्रेमचा चालत नाही. आणि संध्याकाळनंतर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्यांच्या गर्दीत सायकल घालूच नका, तुमचा दिवा कितीही भारी असला तरी.

ब्रेकला सोबत आलेले रेझिन पॅड एका मोठ्या पावसाळी घाटात लक्षात येण्याइतके झिजले. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड टाकल्यावर आवाज वाढला, आयुष्यही वाढलं. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) सिंटर्ड चालतं असं लिहिलेलं आहे ना, तेवढं आधी बघा. पॅडचा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचे. केबल ब्रेकमध्ये पॅड झिजेल तसं आतला पॅड ब्रेकवरचा डायल फिरवून आणि बाहेरचा केबलने जवळ आणावा लागतो. नुसती केबल ओढत राहिलं तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत कळत नाही. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात, मग सोडून, पुढे-मागे दोन्ही. हायड्रॉलिक ब्रेक हाताला हलके, पण केबल कुठल्याही गावात मिळते, तेलाची नळी नाही.

सीट, दिवे, पॉवर बँक यांवर सांगण्यासारखं फार नाही. चामड्याच्या सीटला पावसात प्लास्टिकची पिशवी. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात दोनतृतीयांश मिळतं असं धरा. कोकणात मार्चनंतर घामाने मीठ जातं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही.

तयारीचा क्रम आम्हाला असा योग्य वाटतो. आधी निम्म्या सामानासह वाघबीळवरून पन्हाळा. कोल्हापूरपासून २० किलोमीटर, चढ जवळपास ४०० मीटरचा. घरी येऊन सगळे बोल्ट तपासा. मग पूर्ण सामान लादून हायवेने निपाणी आणि परत, म्हणजे टाच, सीटची उंची, हँडलची थरथर कळेल. मग गगनबावड्याला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. सलग दोन दिवस बसल्याशिवाय सीट खरं सांगत नाही. शेवटी एक घाट उतरून मुक्काम आणि दुसरा चढून परत. घाट चालू आहे का ते आधी विचारा, पावसात दरडी येतात. फोंड्यावरून येणार असाल तर दाजीपूरचा टापू उजेडात पार करा, संध्याकाळी गवे रस्त्यावर असतात.

सोबतच्या हत्यारांत ४, ५, ६ ची ॲलन की, टॉर्क्स २५, स्पोक की, चेन तोडायचं यंत्र आणि दोन क्विक लिंक, कॅसेटचा पाना, ब्रेक आणि गियरची एक-एक केबल, पॅडची एक जोडी, दोन ट्यूब, पॅच, जुन्या टायरचा वीतभर तुकडा, सहा एम५ बोल्ट, झिप टाय. हे सगळं उजवीकडच्या बॅगेत, सगळ्यात वर. अडचणीत सायकल डाव्या कुशीवर झोपवायची असते, चेन आणि डिरेलर वर राहावेत म्हणून. हत्यारं डाव्या बॅगेत असली तर ती सायकलखाली जातात.